बंद गाडीत काय चालू होतं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. संध्याकाळी तुम्ही गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलीत. घरातला एकेक नळ स्वतःच्या हातानं घट्ट बंद केलात आणि झोपलात. सकाळी उठून बघता तर टाकी रिकामी. मोरी कोरडी, अंगण कोरडं, भिंतीवर ओल नाही. मोठी माणसं काय म्हणतील? ‘तूच नळ उघडा ठेवला असशील.’ तुम्ही म्हणाल, नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टाकी रिकामी, पुन्हा तेच बोलणं. मग कधीतरी तुमच्या मनातच एक बारीक आवाज उठेल: झोपेत उठून आपणच तर नळ सोडत नाही ना? त्या आवाजाशी जरा थांबा. कारण बेळगावच्या शहापुरातल्या कल्याणीबाई डिसेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी गाडीत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या कानात तोच आवाज होता.

त्यांनी चावी फिरवली. गाडी ‘टक्’ म्हणाली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा एकच ‘टक्’, जिभेनं टाळूला लावावा तसा. देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांची पांढरी छोटी गाडी उभी असायची. पलीकडच्या बोळात विणकरांचे माग सुरू झाले होते, त्यांचा खडखडाट धुक्यातून येत होता, आणि त्या आवाजात हा एवढासा ‘टक्’ कोणाला ऐकूही गेला नसता. पण कल्याणीबाईंना तो पोटात ऐकू आला. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. गॅरेजवाल्या विक्रमनं आधी जुनी बॅटरी बदलली, मग नवीही उतरली तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, ‘‘बॅटरी सुम्मने, उगंच, उतरत न्हाय बाई. तुमी लाईट चालू ठेवून जातासा बगा. वय झालं की व्हतंय असं.’’ विक्रम त्यांचाच विद्यार्थी. नववीत त्याला विद्युतमंडल त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं की वय हे कारण नसतं, वय ही नुसती तारीख असते. त्याऐवजी त्या घरी येऊन संध्याकाळी गाडीचे दिवे बंद केल्याची खूण म्हणून डाव्या हाताच्या बोटाला दोरा बांधू लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी दोरा बोटाला असायचा आणि गाडी मेलेली असायची, आणि त्या दोऱ्याकडे बघत बसायच्या, की हा आपण दिवे बंद केल्यावर बांधला की बंद करायचे म्हणून बांधला?

मागच्या डिकीत त्यांची सगळी प्रयोगशाळा भरून ठेवलेली होती. लोहचुंबक, भिंगं, तांब्याच्या तारा, छोटे बल्ब, लिंबात खुपसायच्या पट्ट्या, एक घंटा. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी त्या जांबोटीच्या रस्त्यानं कणकुंबीकडे जायच्या. तिथल्या एका वाडीतली शाळा दुपारी सुटली की मुलं घरी न जाता ओसरीवर बसून राहायची, बाईंची गाडी वळणावर दिसेपर्यंत. बसनं हे सामान न्यायचं म्हणजे एक हात भिंगांवर आणि एक जिवावर. शिवाय परतीची बस कधी यायची, कधी यायची नाही. म्हणून गाडी. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या होत्या, वकील नवरा शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘‘पोचलो की सांग.’’ शरच्चंद्रांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. शेजारची जागा रिकामी होती, पण वळणावर हॉर्न वाजवायच्या आधी कल्याणीबाई अजून एकदा तिकडे बघून घ्यायच्या.

‘‘आई, उतर आता,’’ आशिष खिडकीशी येऊन म्हणाला. त्यांचा मुलगा. बेंगळुरूला नोकरी, नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन आला होता. हातात कॉफीचा पेला, अंगावर कानटोपीपासून पायमोज्यांपर्यंत सगळं. ‘‘किती वेळा तेच? संध्याकाळी निपाणीचा माणूस येतोय गाडी बघायला. देऊन टाकू. तू म्हणशील तेव्हा मी टॅक्सी लावून देईन, इथून बटण दाबलं की तुझ्या दारात.’’

‘‘वाडीतनं बटण दाबलं तर?’’

‘‘तिकडं जायलाच पाहिजे का पण? भर जंगलात बंद पडली तर काय करशील?’’

‘‘कारण कळल्याशिवाय मी काही विकत नाही.’’

‘‘कारण कळलंय आई. गाडी जुनी झालीय.’’ तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं कॉफीबरोबर गिळलं, पण कल्याणीबाईंना ते ऐकू आलंच: ‘आणि तूही.’ एका मंगळवारपासून त्या ते ऐकतच होत्या. गेल्या महिन्यातला तो मंगळवार. त्या एकट्याच गाडी घेऊन निपाणीला गेल्या होत्या, एका डॉक्टरकडे. बेळगावात कोणाकडे जायची सोय नव्हती. इथला प्रत्येक दुसरा डॉक्टर त्यांचा विद्यार्थी आणि प्रत्येक तिसरी नर्स विद्यार्थ्याची बायको. निपाणीच्या त्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली, शंभरातून सात-सात वजा करत जायला लावलं. जन्मभर दुसऱ्यांना गणितं घातलेली बाई शाळकरी पोरीसारखी पदराला हात पुसत वजाबाक्या करत होती. ‘‘सगळं उत्तम आहे,’’ डॉक्टर म्हणाले. त्या हायवेवरून परतताना गाडीत एकट्याच गुणगुणल्या. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवूनच सांगितलं नाही. आणि रात्री आशिषचा फोन आला, ‘‘आई, निपाणीला कशाला गेलीस?’’ कल्याणीबाईंच्या हातातला चमचा पडला होता. ‘‘मी सांगितलं का तुला?’’ ‘‘हो मग.’’ म्हणजे आपण याला सांगितलं? कधी? सकाळी? त्याआधीही असंच झालं होतं. ‘‘जांबोटीच्या घाटात एवढा वेळ का थांबली होतीस?’’ त्या थांबल्या होत्या, एका ओढ्यावर, कारण धुक्यात ऊन उतरताना बघायचं होतं. तेही याला सांगितलं? डॉक्टरांच्या ‘सगळं उत्तम’वर त्यांचा विश्वास त्या चमच्याबरोबर खाली पडला. माणूस स्वतःच्या तोंडून निघालेलं विसरत असेल, तर दिव्याचं बटण काय चीज आहे. त्या रात्री त्यांनी उशीखाली हात घालून स्वतःचं नाव, शरच्चंद्रांची जन्मतारीख, मूलद्रव्यांची यादी, सगळं म्हणून पाहिलं. सगळं होतं. मग जातंय कुठून?

आशिष कामासाठी टिळकवाडीला निघून गेला. त्याची मुलगी स्वराली तिथंच राहिली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, मनगटावर मोठं गुलाबी घड्याळ. ते घड्याळ मधूनच थरथरायचं आणि आशिषचा आवाज त्यातून यायचा, ‘‘कुठे आहेस, स्वरा?’’ आणि ती तोंड वाकडं करून सांगायची, ‘‘आज्जीजवळ.’’ जागा बदलली की घड्याळ बाबाला कळवायचं. कल्याणीबाईंना ते आल्या दिवसापासून खुपत होतं, पण मुलाच्या संसारात आपण कशाला बोला.

‘‘आज्जी, गाडी खरंच म्हातारी झालीय?’’

कल्याणीबाई गाडीतून उतरल्या. त्यांना एकदम राग आला. स्वतःचा, विक्रमचा, बोटातल्या दोऱ्याचा. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि थुंकून टाकला. ‘‘म्हातारी झालीय की नाही ते गाडीलाच विचारू. डिकीतनं तो पिवळा मीटर आण.’’

आणि मग त्यांच्या आवाजात फळ्यासमोरचा आवाज आला. बॅटरी म्हणजे टाकी, बघ. चावी काढली की सगळे नळ बंद. एक-दोन थेंब गळतात, ते गाडीतल्या घड्याळाचे, त्यांचं काही नाही. त्याहून जास्त गळत असेल तर कुठलातरी नळ उघडा आहे. आपण पाण्याच्या वाटेतच मीटर बसवू, म्हणजे जे जाईल ते याच्यातून जाईल. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीच्या ऋण टोकाची तार पान्यानं सोडवली आणि टोक आणि तार यांच्यामध्ये मीटरच्या दोन काड्या लावल्या. स्टार्टर फिरवण्याइतका जोर बॅटरीत उरला नव्हता, पण मीटरचा आकडा हलवण्याइतका होता. आकडा हलला, आणि चांगलाच हलला.

‘‘एवढं?’’ स्वराली ओरडली. ‘‘आज्जी, नदी चाललीय!’’

कल्याणीबाईंचं काळीज लकाकलं आणि लगेच विझलं. ‘‘तू मीटर आणताना दार उघडं टाकलंस. वरचा दिवा बघ.’’ स्वरालीनं जीभ चावली. दार लावलं, दिव्याचं बटणही बंद केलं. आकडा खाली आला. पण शून्याजवळ आला नाही. असायला हवा त्याच्या पाच-सहापट वर तो थांबला आणि तिथंच राहिला, मधूनच थोडा वर उसळायचा, पुन्हा खाली यायचा. श्वास घेतल्यासारखा. कल्याणीबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. दिवे बंद होते. सगळं बंद होतं. त्यांनी स्वतः बंद केलं होतं आणि नातीनं पाहिलं होतं. तरी गळत होतं. म्हणजे दिवाळीपासूनच्या प्रत्येक रात्री त्यांनी दिवे बंदच केले होते. त्यांनी तो आकडा परत एकदा मोठ्यानं वाचला. 

‘‘आता?’’

‘‘आता एकेक नळ तपासायचा. फ्यूज काढायचा, मी आकडा बघणार. आकडा पडला तर चोर त्या वाटेवर.’’ स्वराली स्टिअरिंगखाली डोकं घालून चिमट्यानं एकेक फ्यूज उपटू लागली. ‘‘हॉर्न!’’ ‘‘नाही.’’ ‘‘वायपर!’’ ‘‘नाही. परत लाव, त्याच घरात.’’ ‘‘रेडिओ!’’ ‘‘किंचित. तो थेंब. पुढं.’’ दुधाचा टेम्पो घेऊन मष्णू चालला होता, तो थांबला. ‘‘काय वो बाई, गाडीचं दात उपटायलासा व्हय?’’

‘‘कीड कुठल्या दाताला आहे ते बघतेय रे.’’

‘‘लई जुनी गाडी. कवळी बशिवली तरी चालंल,’’ म्हणत तो हसला, पण टेम्पो बंद करून तिथंच कठड्यावर बसला. फुकटचा तमाशा कोण सोडतो. शेवटचा फ्यूज निघाला तरी आकडा जागचा हलला नाही. स्वराली हिरमुसली होऊन बाहेर आली, केसांत जळमटं. ‘‘संपले आज्जी. चोर नाहीच.’’

आणि इथं, मुलांनो, पुष्कळ मोठी माणसं घरी जातात. कल्याणीबाईंच्या वर्गात हे नेहमी व्हायचं. प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही की पोरं वही मिटायची. त्या म्हणायच्या, ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच आहे, ते काय सांगतंय ऐका. एकेक करून सगळे फ्यूज काढूनही पाणी जात असेल तर चोर या नळांपैकी कुठल्याच नळावर नाही. त्यानं टाकीलाच वेगळं भोक पाडलंय. त्या बॅटरीच्या धन टोकाशी वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवून. जाड तारेच्या खाली, तिला चिकटून, एक बारीक लाल तार होती. इतर तारांवर दहा वर्षांची धूळ बसलेली, ही मात्र स्वच्छ. ‘‘ही गाडीबरोबर आलेली नाही,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘धर. जाते कुठं बघू.’’ स्वरालीची बोटं तारेवरून मुंगीसारखी निघाली, बॉनेटच्या कडेनं, एका रबरी भोकातून आत, शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या खाली. तिनं तिथं हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

‘‘आज्जी, इथं ती काळी पुडी आहे. आक्काआज्जीची.’’

कल्याणीबाई ताठ झाल्या. काळी पुडी त्यांना माहीत होती. खंडेनवमीला सगळ्या घराण्याच्या गाड्या कंग्राळीला अंबुआक्कांच्या अंगणात पूजेला जायच्या. अंबुबाई, शरच्चंद्रांची थोरली बहीण, ट्रॅक्टरपासून नातवाच्या सायकलीपर्यंत प्रत्येकीला हळद-कुंकू लावायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या आणि आत कुठंतरी काळ्या फडक्याची पुडी बांधायच्या. आत मीठ, मोहरी, एक बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून. विज्ञानाच्या बाईंना त्यातलं काही पटत नव्हतं, पण आक्कांनी बांधलेलं त्यांनी कधी सोडलं नाही. पुडीला हात लावायचा नाही, ती पुढच्या नवमीला आक्काच बदलणार, हा घरचा नेम. या नवमीला गाडी धुवायला आक्कांच्या मुलानं, नागेंद्रनं घेतली होती. वाहनांच्या वायरिंगचं त्याचं दुकान. ‘‘मामी, तुमी जेवा जावा, मी बगतो,’’ म्हणाला होता, आणि जेवून येईपर्यंत पुडी बांधून झाली होती. त्यानंतर कल्याणीबाईंनी ती किती वेळा पाहिली असेल. पाय पसरताना, रुमाल पडला तेव्हा. पाहिली आणि आक्कांची आठवण होऊन मनात हात जोडले.

त्यांनी वाकून पुडी बोटांनी दाबली. मीठ-मोहरी दाबली की करकरते. ही करकरली नाही. कडक होती, चौकोनी, आणि डिसेंबरच्या त्या गारठ्यात कोमट.

‘‘कात्री आण.’’

‘‘आक्काआज्जी रागावेल.’’

‘‘रागवू दे. मी बघते.’’ जन्मात पहिल्यांदा त्यांनी आक्कांच्या फडक्याला कात्री लावली. आतून काळी डबी निघाली, काड्यापेटीहून जरा मोठी, तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. लाल तार तिच्यातच शिरली होती, काळी तार पत्र्याच्या स्क्रूला. स्वरालीनं डबीचं झाकण नखानं उघडलं आणि तिला आत जे दिसलं ते ती रोज बघत होती. ‘‘सिम कार्ड,’’ ती म्हणाली. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहून, हळू आवाजात, ‘‘आज्जी, हे माझ्या घड्याळासारखं आहे. गाडी कुठं आहे ते फोनवर दिसतं याच्यानं.’’

कल्याणीबाईंनी जोडणी उपटली. बॉनेटशी जाऊन पाहिलं तर मीटर शून्याजवळ आला होता. पण त्यांना ते बघायची गरज नव्हती. निपाणी. घाट. ओढा. पडलेला चमचा. त्यांच्या आत एकेक फ्यूज परत आपापल्या घरात बसत होता. त्यांनी सांगितलं नव्हतं. कोणालाच, कधीच सांगितलं नव्हतं. घड्याळाचे काटे त्यांनी बरोबर काढले होते, वजाबाक्या बरोबर केल्या होत्या, दोरे बरोबर बांधले होते. दोन महिने त्या स्वतःच्या डोक्याची झडती घेत होत्या आणि चोर डोक्यात नव्हताच. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, मोठं, खणखणीत, इतकं की देवळातून पुजारी डोकावला. आणि हसता हसता राग चढला, पायांपासून, पाणी चढावं तसा. मुलगा आपल्यावर लक्ष ठेवतोय याचा राग होताच. पण मोठा राग याचा होता, की फोनवर आई गडबडलेली त्याला ऐकू आली होती, ‘मी सांगितलं का तुला?’ असं तिनं दोनदा विचारलं होतं, आणि तो ‘हो’ म्हणाला होता.

नागेंद्रला फोन लावला. ‘‘मामी, माझं काय न्हाय त्यात,’’ तो पहिल्याच वाक्याला गडगडला. ‘‘आशिषदादानं सांगितलं, मामीस्नी कळू देऊ नको. पुडीत घातलं तर तुमी हात लावनार न्हाय, ते माझं डोस्कं. आईला ठाव न्हाय वो, तिला सांगू नकासा.’’

‘‘तिला मी सांगणार नाही, तू सांगणार. आणि फ्यूज न घालता सरळ बॅटरीवर तार जोडलीस, त्याचं वेगळं बोलू. आग लागली असती रे गाढवा.’’

मष्णूनं न सांगताच टेम्पो जवळ आणला होता. मीटर काढून बॅटरीची तार परत आवळली, दोन बॅटऱ्यांना तारा जोडल्या. कल्याणीबाईंनी चावी फिरवली. एकदा घरघरली, आणि मग गाडी अशी सुरू झाली की मागांचा आवाज दोन मिनिटं ऐकूच येईना. ‘‘आता बंद करू नकासा, घाट चढूस्तवर भरंल,’’ मष्णू म्हणाला. आणि त्याच वेळी आशिष बोळातून धावत आला, फोन हातात. फोनवर गाडी दिसेनाशी झाली होती म्हणून तो आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मग त्याला बॉनेटवर कापलेलं काळं फडकं दिसलं आणि तो उभा राहिला.

‘‘आई, काळजीपोटी केलं मी.’’

‘‘काळजी होती तर विचारायचंस.’’

‘‘विचारलं असतं तर लावू दिलं असतंस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग नाही म्हणजे नाही. माझं नाही तुला चालत नाही म्हणून तू मला वेडी ठरवणार?’’

‘‘वेडी कोण म्हणालं?’’

‘‘मी. रोज रात्री. उशीत तोंड घालून.’’ त्यांचा आवाज चढला नाही. चढवायची गरज नव्हती, मागच्या बाकापर्यंत पोचायची त्या आवाजाला सवय होती. ‘‘मी विचारलं तुला, मी सांगितलं का. तू हो म्हणालास. डबी लावलीस ते मी समजू शकते, आशिष. ते ‘हो’ मला समजत नाही.’’

 आशिष कानटोपी काढून हातात पिळत राहिला. तो सातवीत असताना काच फोडून असाच उभा राहिला होता, आणि तेव्हा त्यांनी त्याला जवळ घेतलं होतं. आता त्या गाडीत बसल्या, पट्टा लावला. ‘‘निपाणीच्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हण. मुलं ओसरीवर बसली असतील. संध्याकाळी येईन तेव्हा बोलू. कुठनं जाईन, कुठं थांबेन, ते मी आले की सांगेन. मला लक्षात राहील.’’

इतका वेळ स्वराली बॉनेटपाशी उभी होती. डबी तिच्या तळहातात होती, हिरवा ठिपका आता विझला होता. आज्जी तिला ये म्हणाली नाही, बाबा थांब म्हणाला नाही. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं मात्र. तेवढ्यात तिचं घड्याळ थरथरलं, आशिषच्या फोनलाच उत्तर देत असावं तसं. मग ती बाबाजवळ गेली आणि डबी त्याच्या हातावर ठेवली. मनगटावरचा गुलाबी पट्टा सोडवला. तो घट्ट होता, दात लावावे लागले. खाली कातडीवर पांढरी गोल खूण उमटली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं चोळली. घड्याळ डबीशेजारी ठेवून तिनं बाबाची बोटं एकेक करून मिटवली.

‘‘हे पण सारखं उतरतंय, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आज तुझ्याजवळ राहू दे. संध्याकाळी आज्जीला विचारून सांगते कुठं गेलतो ते.’’

आणि पळत जाऊन तिनं शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत बसली, दार दोनदा ओढून नीट लागलंय ना ते पाहिलं, आणि वरच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘बंद आहे. मी बघितलं.’’